रणगाड्याच्या कमांडरचे डोळे: सिम्युलेशन गेममध्ये नजर, टरेट आणि तोफ यांचा मेळ

रणगाड्याच्या सिम्युलेशन गेममध्ये कमांडरच्या जागेवर पहिल्यांदा बसलेल्या खेळाडूला पडणारा प्रश्न अगदी साधा असतो. माऊस डावीकडे नेला तर डावीकडे नक्की काय वळणार? आपली मान, डोक्यावरचा क्युपोला (काचांची लहानशी घुमटी), की तोफेसकट आख्खं टरेट (रणगाड्याचा फिरणारा वरचा भाग)? याचं उत्तर गेमनुसार बदलतं. इतकंच काय, एकाच गेममध्ये आपण त्या घडीला हॅचमधून, म्हणजे छपरावरच्या झाकणातून, बाहेर डोकावतोय, पेरिस्कोपमधून पाहतोय की दुर्बिणीतून, यावरही ते बदलतं. बरेच जण इथेच गोंधळतात आणि गनरच्या, म्हणजे तोफेचा नेम धरणाऱ्याच्या, जागेवर जाऊन बसतात, कारण तिथे निदान माऊस फिरला की तोफ फिरते. मला याची हळहळ वाटते. या प्रकारच्या गेममधली सगळ्यात समृद्ध जागा कमांडरचीच आहे आणि तिची कंट्रोल्स एकदा उमगली की ती अवघड राहत नाहीत.

त्यांच्यामागचा विचार एकच आहे: पाहण्याची दिशा आणि तोफ रोखण्याची दिशा एकमेकींपासून सुटी ठेवायची. कमांडरसाठी दिलेली जवळजवळ प्रत्येक की या दोन दिशा सोडवते तरी किंवा जुळवते तरी.

आपल्या हाताला याच्या नेमकी उलट सवय असते. अटारीचा १९८० सालचा ‘बॅटलझोन’ हा रणगाड्याचा सुरुवातीचा गाजलेला गेम. त्यात पेरिस्कोपसारख्या खिडकीतून हिरव्या रेषांचं रणांगण दिसायचं आणि नजर, तोफ, रणगाडा या तिघांची दिशा कायम एकच असायची. बंदुकीच्या बहुतेक गेमनी पुढे तीच सवय पक्की केली: जिकडे बघू तिकडे नळी. मायक्रोप्रोजच्या १९८९ च्या ‘एम-१ टँक प्लॅटून’मध्ये कमांडर, गनर आणि ड्रायव्हर अशा जागा बदलता येऊ लागल्या आणि २००० साली आलेल्या ‘स्टील बीस्ट्स’ने कमांडर आणि गनर यांच्या कामाची वाटणी इतकी मनावर घेतली की पुढे त्याची आवृत्ती सैन्यांच्या प्रशिक्षणातही वापरली गेली. पण हाताची जुनी सवय अजून सुटलेली नाही आणि कमांडरच्या खुर्चीत तीच आड येते.

आधी दिशांचे थर पाहू. सगळ्यात खाली हल, म्हणजे रणगाड्याचं धड. ते ड्रायव्हर वळवतो. त्यावर टरेट, ते सहसा गनर फिरवतो. टरेटच्या छपरावर क्युपोला, म्हणजे कमांडरच्या डोक्याभोवतीची काचांची लहानशी घुमटी. काही रणगाड्यांत ती स्वतंत्रपणे फिरते. आणि सगळ्यांच्या आत कमांडरची मान. वरचा प्रत्येक थर खालच्यावर बसलेला आहे, त्यामुळे खालचा फिरला की वरचे सगळे त्याच्याबरोबर फिरतात. समजा ड्रायव्हरने रणगाडा ९० अंश उजवीकडे वळवला आणि त्याच वेळी गनरने टरेट ३० अंश डावीकडे फिरवलं. तुम्ही माऊसला हात लावलेला नाही, तरी तुमची नजर ६० अंश उजवीकडे सरकली. मघाशी समोर असलेलं झाड आता पडद्यावरच नाही. गेम बिघडलाय असं वाटण्याची जागा बहुधा हीच.

आधुनिक रणगाड्यांत स्टॅबिलायझर असतो. तो चालू असेल तर धड वळलं तरी टरेट जमिनीच्या हिशेबाने आपली दिशा धरून ठेवतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक रणगाड्यांत तसं होत नाही. धडाच्या प्रत्येक वळणाबरोबर टरेट ओढलं जातं. म्हणूनच एका रणगाड्यात बसलेला हात दुसऱ्यात गेल्यावर चुकतो. काही गेममध्ये कमांडरच्या नजरेसाठीही असा पर्याय मिळतो: नजर टरेटला बांधलेली ठेवायची की जमिनीवरच्या दिशेला. तो पर्याय असेल तर हॅचबाहेर डोकं असताना जमिनीला बांधलेली नजर निवडा. खरा माणूसही गाडी वळली तरी जे बघत असेल त्यावर डोळे टिकवून धरतो.

दिशाभूल होण्याची ही अडचण खऱ्या रणगाड्यांतही होती आणि त्यावर काढलेले उपाय फार सुरेख आहेत. जर्मनांच्या पॅन्झर ४ आणि टायगर रणगाड्यांच्या क्युपोलात घड्याळासारखे १ ते १२ आकडे असलेलं एक कडं होतं. टरेट फिरलं की गिअरमुळे हे कडं तेवढंच उलट फिरे, त्यामुळे १२ चा आकडा कायम धडाच्या पुढच्या टोकाकडे राही. टरेट कुठेही वळलेलं असो, धडाचं तोंड कुठे आहे हे कमांडरला नजर वर करताच कळायचं. गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात जे रणगाड्याचं छोटं चित्र असतं, त्यात धड, तोफेची रेघ आणि नजरेचा कोन वेगवेगळे दाखवतात, ते याच कड्याचं काम करतं. ड्रायव्हरला हुकूम देण्याआधी तिकडे एकदा बघायची सवय लावा. ‘डावीकडे’ ही की बहुतेक गेममध्ये धडाची डावी बाजू धरते. मागे बघत असताना ती दाबली तर रणगाडा तुमच्या नजरेच्या उजवीकडे जातो.

आता मुळात दोन दिशा सुट्या कशासाठी ठेवायच्या? याचं उत्तर १९४० च्या फ्रान्समध्ये सापडतं. तिथल्या रेनॉ आर-३५ आणि सोमुआ एस-३५ या रणगाड्यांच्या टरेटमध्ये एकच माणूस बसत असे. तोच शत्रू शोधणार, तोच नेम धरणार, तोच झाडणार आणि ड्रायव्हरला वाटही तोच दाखवणार. सोमुआचं चिलखत आणि तोफ दोन्ही त्या काळच्या मानाने चांगली होती. पण नेमाच्या दुर्बिणीला डोळा लावला की आजूबाजूचं रणांगण त्या माणसासाठी उरतच नसे. सोव्हिएत सैन्याच्या सुरुवातीच्या टी-३४ च्या टरेटमध्ये दोघे होते, तरी कमांडरच गनर होता, दोष तोच. जर्मनांच्या पॅन्झर ३ मध्ये मात्र टरेटमध्ये तिघे होते आणि कमांडरला फक्त पाहायचं आणि सांगायचं काम होतं. सोव्हिएत सैन्याने १९४४ मध्ये टी-३४-८५ आणला तेव्हा मोठ्या तोफेबरोबर टरेटमध्ये तिसऱ्या माणसाची जागाही आली.

सिम्युलेशन खेळणारा एकटा खेळाडू कमांडर आणि गनर यांच्यात सतत उड्या मारत असतो, तेव्हा तो नकळत तो फ्रेंच रणगाडाच चालवत असतो. गेममधला संगणकी गनर तुमच्याइतका चलाख नसेलही, पण तो नेम धरत असताना तुमचे डोळे मोकळे राहतात. माझं मत स्पष्ट आहे: बराच वेळ कमांडरच्या जागेवरच थांबावं आणि तोफ गनरवर सोपवावी. नेम चुकतोय असं दिसलं तरच खाली उतरावं.

कमांडरला पाहायला मुख्यतः दोन अवस्था मिळतात: हॅच उघडी आणि हॅच बंद. उघड्या हॅचमधून सगळीकडचं दिसतं, आवाजाची दिशा कळते, दुर्बीण वापरता येते. बंद हॅचमध्ये जगाचे काचेच्या पट्ट्यांएवढे तुकडे होतात. पोलिश अभियंता रुडोल्फ गुंडलाख याने १९३६ मध्ये असा पेरिस्कोप पेटंट केला की कमांडरला अंग न वळवता मागचंही पाहता यावं. पुढे ब्रिटिश आणि सोव्हिएत रणगाड्यांत तो सर्रास बसवला गेला. तरीही बंद रणगाड्याला अगदी जवळची जमीन दिसत नाही. छताच्या उंचीवरून तिरकी जाणारी नजर काही अंतर ओलांडूनच जमिनीला टेकते. शत्रूचे पायदळ सैनिक गेममध्ये याच आंधळ्या पट्ट्यातून चालत येतात.

मग हॅच कधी बंद करायची? इस्रायलच्या रणगाड्यांचे कमांडर १९६७ आणि १९७३ च्या युद्धांत डोकं बाहेर काढून लढले. त्यांना आधी दिसायचं म्हणून ते आधी गोळी झाडू शकायचे आणि याची किंमत म्हणून त्यांच्यातले कितीतरी कमांडर मारले गेले. यातूनच हॅच थोडी वर उचलून छत्रीसारखी डोक्यावर धरणारी रचना तिथे वापरात आली. अमेरिकी एम-१ च्या हॅचलाही अशी अर्धी उघडी अवस्था आहे. गेममध्ये ही मधली अवस्था मिळत असेल तर तोफखान्याच्या माऱ्यात ती वापरावी. नसेल तर माझा साधा नियम असा: रणगाडा हलत असताना आणि शत्रू सापडलेला नसताना हॅच उघडी, आणि पायदळाच्या बंदुका ऐकू यायला लागल्या की बंद.

बाहेरून, रणगाड्याच्या मागून-वरून दिसणारा कॅमेरा मी इथे जाणूनबुजून बाजूला ठेवतोय. तो टेकडीच्या आडून पलीकडचं दाखवतो, जे रणगाड्यातल्या कुणालाच दिसत नसतं. ‘वॉर थंडर’च्या सिम्युलेटर लढायांमध्ये म्हणूनच नजर कमांडरच्या जागेवर आणून ठेवली आहे. पार्किंग करताना किंवा गेम शिकताना बाहेरचा कॅमेरा जरूर वापरा, पण लढताना वापरलात तर कमांडरच्या कंट्रोल्सची गरजच उरत नाही आणि ती कधी शिकलीही जात नाहीत.

झूम या कीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्याविषयी गैरसमज मोठा आहे. अनेकांना झूम म्हणजे दुर्बीण वाटते आणि ती न वापरणं म्हणजे प्रामाणिक खेळ असं वाटतं. आता हिशेब पाहा. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो. ७० सेंटिमीटरवर बसलात तर तो तुमच्या डोळ्यांसमोरचे जेमतेम ४२ अंश व्यापतो. गेम मात्र त्यात बहुधा ८० अंशांचं दृश्य कोंबतो, कारण त्याहून कमी दाखवलं तर नळीतून पाहिल्यासारखं वाटतं. परिणाम असा की पडद्याच्या मध्यावरची प्रत्येक वस्तू तुम्हाला प्रत्यक्षात दिसली असती त्याच्या निम्म्याहून लहान दिसते. म्हणजे पहिला, साधारण दुपटीचा झूम तुम्हाला फक्त उघड्या डोळ्यांपर्यंत परत आणतो. दुर्बीण त्याच्या पुढे सुरू होते.

दुसरी अडचण पिक्सेलची. दोन किलोमीटरवर समोरून दिसणारा ३.६ मीटर रुंदीचा रणगाडा डोळ्याशी साधारण ६ मिनिटांचा कोन करतो; एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. चांगल्या डोळ्याला एक मिनिटाएवढा बारकावा कळतो, म्हणजे त्या अंतरावरचा उघड्यावर उभा रणगाडा खऱ्या माणसाला ठिपक्याहून बराच जास्त दिसतो. पण १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ८० अंशांचं दृश्य असेल तर त्याच रणगाड्याच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात. दोन पिक्सेलचं झुडूप आणि दोन पिक्सेलचा रणगाडा यांत कुणालाही फरक करता येणार नाही. ६ अंशांचं दृश्य दाखवणारी साईट, म्हणजे रणगाड्यातली दुर्बीण, लावली आणि तिचं वर्तुळ पडद्याच्या उंचीइतकं असलं, तर तोच रणगाडा अठरा-एकोणीस पिक्सेलचा होतो. मग टरेटचा आकारही ओळखू येतो.

पण याला किंमत आहे. ६ अंशांच्या खिडकीतून पूर्ण वर्तुळ पाहायचं तर साठ खिडक्या लागतात. प्रत्येकीवर तीन सेकंद थांबलात तरी एका फेरीला तीन मिनिटं. तेवढ्यात शत्रू जागा बदलून दोनदा मारा करून जाईल. म्हणून रुंद नजरेने संशयाची जागा शोधायची आणि अरुंद नजरेने खात्री करायची. रुंद नजरेत हालचाल, धूळ, धूर, तोफेचा झोत या गोष्टी टिपल्या जातात. आकार आणि ओळख अरुंद नजरेत कळते. नजर सलग फिरवत नेऊ नका. हलत्या चित्रात पडद्यावर आणि डोळ्यात दोन्हीकडे बारकावा पुसला जातो. थोडं सरकायचं, थांबायचं, पाहायचं, आधीच्या खिडकीचा थोडा भाग पुढच्या खिडकीत राहील असं बघून पुन्हा सरकायचं. थर्मल साईट असली की हा शोध सोपा होतो, कारण गरम इंजिन थंड झाडीतून उठून दिसतं. मात्र ते इंजिन आपलं की परकं हे थर्मलमध्ये दुरून सहज कळत नाही.

दुर्बिणीतल्या बारीक रेघांचाही उपयोग करून घ्या. मिल हे कोन मोजण्याचं एकक. नाटोच्या पद्धतीत वर्तुळाचे ६४०० मिल धरतात आणि १ मिल म्हणजे १००० मीटरवर साधारण १ मीटर. ३.६ मीटर रुंदीचा रणगाडा १.८ मिल दिसला तर तो २००० मीटरवर आहे. लेसरने अंतर मोजणारा रणगाडा नसेल तेव्हा गनरला अंतर सांगायचं काम या रेघांवरच चालतं.

आता मुद्द्याची कंट्रोल्स. शत्रू तुम्हाला दिसला, गनरला दिसलेला नाही आणि तोफ भलतीकडे आहे. जुन्या काळी कमांडर बोलून सांगायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी शर्मन रणगाड्याच्या छपरावर कमांडरसमोर पात्यांची एक साधी जुळणी असायची. तिच्या रेषेत लक्ष्य आलं की टरेट साधारण बरोबर दिशेला आहे असं समजायचं आणि पुढचं गनरने बघायचं. एम-१ मध्ये कमांडरच्या हाताशी एक दांडा असतो. त्याची मुठीखालची कळ दाबली की टरेटचा आणि तोफेचा ताबा गनरकडून कमांडरकडे येतो आणि सोडली की परत जातो. सोव्हिएत टी-७२ मध्ये कमांडर टीकेएन-३ ही क्युपोलातली साईट लक्ष्यावर धरून बटण दाबतो आणि टरेट त्या दिशेला फिरतं. तोफेची उंची मात्र गनरला जुळवावी लागते.

यापुढची पायरी म्हणजे कमांडरची स्वतंत्र फिरणारी, स्थिर राहणारी साईट. १९७९ पासून सेवेत आलेल्या जर्मन लेपर्ड २ मध्ये पेरी आर-१७ ही अशी साईट आहे. एम-१ ला स्वतंत्र थर्मल साईट मिळाली ती एम-१-ए-२ या आवृत्तीत. त्याआधीच्या एम-१ मध्ये कमांडरला थर्मल दृश्य हवं असेल तर गनरच्याच साईटचं दृश्य नळीतून त्याच्यापर्यंत पोचवलेलं असे. म्हणजे गनर बघेल तेच त्याला दिसणार. गेममध्ये हे दोन रणगाडे पाठोपाठ चालवून पाहा. स्वतंत्र साईट असलेल्यात गनर पहिल्या लक्ष्यावर मारा करत असताना कमांडर दुसरं लक्ष्य शोधून ठेवतो आणि पहिलं संपताच बटण दाबून टरेट तिकडे बोलावतो. ती नसलेल्या जुन्या एम-१ मध्ये दोघांनाही त्याच एका लक्ष्यावर थांबावं लागतं. या शोधून देण्याच्या आणि मारण्याच्या वाटणीला हंटर-किलर म्हणतात.

गेमच्या सेटिंगमध्ये या सगळ्यासाठी तीन हुकूम शोधा. पहिला: टरेट माझ्या नजरेकडे आण. दुसरा: माझी नजर टरेटकडे आण. तिसरा: ताबा घे किंवा सोड. नावं प्रत्येक गेममध्ये वेगळी असतात, कामं हीच. हे तिन्ही हुकूम अशा कीवर ठेवा जिथे बोट न बघता जातं. माऊसची अंगठ्याकडची बटणं यासाठी उत्तम. ताबा घेण्याची की दाबून धरण्याची ठेवावी, एकदा दाबून चालू होणारी नको. एकदा दाबून चालू होणाऱ्या कीमध्ये ताबा आपल्याकडेच राहिल्याचं लक्षात राहत नाही आणि आपण आसपास बघायला माऊस फिरवतो तसा गनरचा धरलेला नेमही फिरून जातो. एम-१ ची मुठीखालची कळही दाबून धरण्याचीच आहे.

आणखी एक मुद्दा नजरेच्या उंचीचा. कमांडरचे डोळे रणगाड्यातल्या सगळ्यात उंच जागी असतात. तोफेची नळी त्याहून बरीच खाली. चढाच्या आडून रणगाडा हळूहळू वर चढवताना आधी फक्त तुमचे डोळे चढाच्या माथ्यावर येतात. ही टरेट डाऊन अवस्था: तुम्हाला पलीकडचं दिसतंय, शत्रूला तुमचं जवळजवळ काहीच दिसत नाही आणि तोफ अजून मातीकडे बघतेय. आणखी थोडं पुढे गेलात की नळी माथ्याच्या वर येते. ही हल डाऊन. कमांडरला लक्ष्य स्वच्छ दिसतंय म्हणून झाडण्याचा हुकूम दिला आणि गोळा समोरच्याच मातीत रुतला, हा प्रकार इथेच घडतो. म्हणून हुकूम देण्याआधी गनरच्या साईटमध्ये एक क्षण डोकावून समोर माती आहे की आकाश ते पाहून घ्या. गेममध्ये जागा बदलायला अर्धा सेकंदही लागत नाही.

उपकरणांबद्दल थोडक्यात. माऊसची संवेदनशीलता प्रत्येक झूमसाठी वेगळी ठेवता येत असेल तर दहापट झूमला ती साधारण दहावा हिस्सा ठेवावी, म्हणजे पडद्यावर चित्र सरकण्याचा वेग सारखा वाटतो. ट्रॅक-आयआर सारखं मान टिपणारं उपकरण कमांडरच्या जागेसाठी सगळ्यात उपयोगी, कारण मान आणि माऊस मुळातच वेगळे होतात: मान पाहते, हात रोखतो. त्यात खरी मान १५ अंश वळवली की गेममधली ९० अंशांहून जास्त वळेल अशी आखणी करावी लागते, नाहीतर पडदा नजरेआड जातो. मध्यावर थोडी निष्क्रिय जागा ठेवा, म्हणजे दुर्बिणीतलं चित्र श्वासाबरोबर डुलत नाही.

सरावासाठी शत्रू नसलेला मोकळा नकाशा घ्या. लांबवरचं एक झाड निवडा आणि ड्रायव्हरला त्याच्याभोवती मोठा वळसा घालायला लावून नजर झाडावरून ढळू देऊ नका. ते जमलं की गनरला तोफ दुसऱ्या झाडावर धरायला सांगा आणि तुम्ही पहिल्यावर राहा. मग चालत्या रणगाड्यात टरेट पहिल्या झाडाकडे बोलावा, सोडा, पुन्हा दुसऱ्याकडे पाठवा. शेवटी हेच हॅच बंद करून, कोपऱ्यातलं चित्र झाकून करून पाहा. धडाचं तोंड कुठे आहे हे तेव्हा न बघता सांगता आलं, तर शत्रू असलेला नकाशा उघडायला हरकत नाही.